पोरलिफिक

आयुष्यात पुष्कळांचा थोडाथोडा हेवा मी केला असेल. सगळेच करतात. पण ताटातला घास कडू लागावा असा हेवा मी एकाच माणसाचा केला, आणि ती होती मिरजगावची आमची घरमालकीण. तिचं नाव लिहीत नाही. गाव तिला आक्का म्हणायचं, मीही म्हणायची. इथेही तेच पुरे.

सत्तर सालच्या जूनमध्ये मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले. यांची नोकरी कर्जतला, पंचायत समितीत. सकाळच्या एस.टी.ने जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नगरला सासरी या एका गोष्टीवर इतकं बोलणं व्हायचं की मिरजगावची ऑर्डर हातात पडली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. नव्या गावात मला कुणी ओळखत नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. आणि खोली मिळाली ती नेमकी आक्काच्या अंगणात. सहा पोरं, चाळीसेक कोंबड्या, पाच शेळ्या, आणि कौलांवर चढून आमच्या खोलीच्या खिडकीत डोकावणारा दोडक्याचा वेल.

सहा पोरांची आई म्हटल्यावर मी मनात एक अंगाने भरलेली, थकलेली बाई धरली होती. आक्का होती काटकुळी, उंच, आणि कधी थकलेली मी तिला पाहिली नाही. नऊवारी लुगड्यावर बारा महिने नवऱ्याचा जुना खाकी कोट. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. कारण विचारलं तर म्हणाली, "लुगड्याला खिसं नस्त्यात." कोटाला चार खिसे होते आणि चारी खिशांत बिया. दोडका, घेवडा, कारलं, डांगर. कुठेही उभी राहिली की बोलता बोलता पायाच्या अंगठ्याने मातीत खळगा करायची, खिशातली बी टाकायची आणि टाचेने माती लोटायची. बोलणं मध्ये तुटायचं नाही. समोरच्याला पत्ताही लागायचा नाही.

एस.टी. स्टँडच्या पत्र्यावर डांगराचा वेल होता तो तिचा. दवाखान्याच्या कुंपणावरची कारली तिची. शाळेच्या नळामागे घेवडा होता. एकदा तर टपालपेटीच्या खांबावर वाल चढला आणि पोस्टमनला पेटी उघडायला विळा आणावा लागला. तो भांडायला आला तर आक्का म्हणाली, "कापू नगा, वळवा. त्यो शाना हाय, ऐकतो." आणि स्वतः जाऊन तिने तो वेल पेटीवरून काढून शेजारच्या बाभळीवर चढवून दिला. बाहेर लावलेल्याचं फळ ती स्वतः कधी तोडत नसे. ज्याला सापडलं त्याने न्यावं.

मी तिच्याकडूनच बी घेऊन आमच्या दारापुढे वाफा केला होता. एकच माती, एकच विहिरीचं पाणी, मध्ये फक्त चार हात अंतर. तिच्या बाजूला उगवायचं, माझ्या बाजूला कुजायचं. "लई पानी घालता, बाई. आन् लई बघता," ती म्हणायची. "सारखं बघितलं की बी लाजतं." ती हे सहज म्हणायची. मला ते लागायचं.

तिच्या कोंबड्यांना घर कळत नसे. दसऱ्याच्या सुमाराला एक कोंबडी माझ्या उघड्या राहिलेल्या ट्रंकेत शिरली आणि लग्नातल्या शालूवर अंडी घालून बसली. मी ओरडले, आक्का धावत आली, वाकून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"उठवू नगा, बाई. बसलेलीला उठवलं की अंडी नासत्यात."

"अहो, माझा शालू आहे तो!"

"आसू द्या की. शालू कुटं पळून चाललाय?"

तीन आठवडे माझी ट्रंक उघडी राहिली. बारा अंडी होती, बारा पिल्लं निघाली. एकही वाया गेलं नाही. यांना त्याचं केवढं कौतुक! ऑफिसातून आले की आधी ट्रंकेपाशी. मी तो शालू धुतला, उन्हात घातला, घडी केली, आणि पुन्हा कधी नेसले नाही.

आता त्या शब्दाची गोष्ट. नववीच्या चार मुली सकाळी माझ्याकडे ओट्यावर शिकायला यायच्या. त्यांत आक्काची थोरल्याच्या पाठची मुलगीही होती. आक्का पलीकडे सुपात ज्वारी निवडत बसायची. एका सकाळी मी वाक्य सांगितलं, "द रॅबिट इज अ प्रोलिफिक ॲनिमल." मुलींनी लिहून घेतलं. सूप थांबलं.

"बाई, सशाला काय म्हनलात?"

"प्रोलिफिक."

"म्हंजी?"

मी शब्दकोश उघडला. तो यांनी लग्नानंतर पहिल्या वाढदिवसाला दिलेला. "ज्याला पुष्कळ पिल्लं होतात तो. किंवा ज्या झाडाला पुष्कळ फळं लागतात ते."

"पोरलिफिक," ती म्हणाली आणि मान डोलावली. "बराबर हाय. पोरं हायतीच त्यात."

मुली खिदळल्या. मी म्हटलं, "पोर नाही आक्का, प्रो."

"इंग्रजांचं प्रो आसंल. आपलं पोर."

आठवड्याभरात तो शब्द गावभर झाला. शेळीला दोन करडं झाली, शेळी पोरलिफिक. शेवग्याला शेंगा लटकल्या, शेवगा पोरलिफिक. इथवर ठीक होतं. पण बाजारच्या दिवशी ती घामाघूम होऊन आली आणि म्हणाली, "आज यष्टी लई पोरलिफिक हुती, बाई. पाय ठिवाया जागा न्हाई." माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी तिला थांबवलं.

"गर्दीला म्हणत नाहीत आक्का. नुसतं पुष्कळ असणं वेगळं. ज्याच्यातून पुष्कळ निघतं, जो देत राहतो, त्याला म्हणायचं."

ती डोक्यावरची पाटी तशीच धरून उभी राहिली. विचार करायची तेव्हा ती एक डोळा बारीक करायची.

"म्हंजी शेंगांची रास न्हाई. शेंगाचं झाड."

"बरोबर."

"पाऊस न्हाई. रान."

"हो."

"आन् पोरं न्हाईत. मी."

मी दुसरीकडे बघत म्हटलं, "हो."

बी.एड. करूनही दोन वर्गांना मिळून जे मला नीट सांगता आलं नव्हतं ते तिने पाटी उतरवायच्या आत पकडलं होतं. "आजून कुनाला म्हंत्यात?" तिने विचारलं. मी सांगितलं की लेखकालाही म्हणतात, खूप पुस्तकं लिहिणाऱ्याला. ती इतकी हसली की पाटीतल्या मिरच्या सांडल्या. "आन् त्याची सुईन कोन?"

सहामाही परीक्षेत मी तो शब्द वाक्यात उपयोग करायला घातला. सगळ्या वर्गाने ससा लिहिला. आक्काच्या मुलीने लिहिलं होतं, "माय मदर इज अ प्रोलिफिक वूमन." व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, स्पेलिंगही बरोबर. वर्गातलं ते एकमेव वाक्य होतं जे कुणी माझ्याकडून उतरवलेलं नव्हतं. मी त्यावर लाल फुली मारली.

पेपर वाटले तेव्हा मुलगी टेबलापाशी आली. "बाई, चुकलं काय?"

"माणसांना लावत नाहीत हा शब्द," मी म्हणाले.

ती पेपर घेऊन जागेवर गेली. संध्याकाळी मी स्टोव्हला पंप मारत होते तेव्हा आक्का दारात उभी राहिली. कोटाच्या खिशातून तिने पेपर काढला. त्याला घेवड्याच्या दोन बिया चिकटल्या होत्या.

"बाई, लेखक मान्सांत येत न्हाईत का?"

मी पंप मारत राहिले. ती भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती. शेवटी मी पेपर घेतला, फुली खोडली आणि गुण वाढवून दिले.

"मार्काचं न्हाई वो," ती म्हणाली. "शब्द माजा हाय का न्हाई, तेवडं सांगा."

"आहे."

"मग झालं." आणि ती गेली.

एकाहत्तरच्या सुरुवातीला जनगणनेचं काम आम्हा शिक्षकांकडे आलं. आमची आळी माझ्याच वाट्याला होती. आक्काच्या ओट्यावर बसून मी मुलांची वयं विचारायला लागले.

"थोरला कधीचा?"

"घेवड्यातला."

"म्हणजे कोणत्या साली?"

"साल कुनाला म्हाईत? घेवडा फुलला हुता. दुसरी दोडक्यातली. तिसऱ्याच्या टायमाला डांगरं इतकी लागली की बाळंतपनाला आलेल्या बाया डोक्यावं घिऊन गेल्या." एकेक वेल आठवत आम्ही सहा वयं काढली. तिचा नवरा, अबोल माणूस, कोपऱ्यात दोर वळत होता. तो मध्येच म्हणाला, "चौथं कारल्यातलं हाय, घेवड्यातलं न्हवं," आणि परत दोर वळायला लागला. आक्काने पोटावर हात ठेवून मला म्हटलं, "ह्ये बी लिवून टाका की. येतंयच."

मग मी माझ्या खोलीत गेले आणि आमच्या घराच्या ओळी भरल्या. माणसं दोन. पुढचे रकाने कोरे. शाई वाळेपर्यंत मी त्या कोऱ्या रकान्यांकडे बघत बसले. सरकारी कागदावर माझं घर इतक्या लवकर भरून झालं.

सातवं पोर उन्हाळ्यात झालं. मुलगा. सुईणीने पुसून, गुंडाळून बाहेर आणला तेव्हा दारात चारपाच बायका होत्या. आतून आक्काचा आवाज आला, "बाईंच्या हातात द्या पयल्यांदा." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सुईण घुटमळली. आक्का आतून पुन्हा म्हणाली, "का? बाईंच्या हाताला काय काटं हायती?"

मी त्याला घेतलं. खरं तर मला तिच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. पाच वर्षांत हळदीकुंकवाला, बारशाला मला कुठे कुठे मागे बसवलं होतं ते मलाच माहीत. पण माझ्या मनात काय आलं सांगू? तिच्याजवळ इतकं आहे की ती मलाही वाटू शकते, हे आलं. ती दया करत नव्हती. दया असती तर मी ती झिडकारली तरी असती. कौलांवरचा दोडका द्यावा तसं तिने ते दिलं होतं.

हे तर त्या मुलापायी वेडे झाले. गाडीतून उतरले की पिशवी मला द्यायचे आणि थेट तिच्या झोळीपाशी. एकदा त्याला खांद्यावर घेऊन आले आणि म्हणाले, "बघ, माझं बोट सोडतच नाही." मी तव्याकडे तोंड करून बसले. पोळी काळी झाली तरी उलटली नाही. यांनी हळूच मूल परत नेऊन दिलं आणि त्यानंतर मी घरात असताना त्याला आत आणलं नाही. ते मला जास्त लागलं.

त्या साली पावसाने ओढ दिलेली. दिवाळीच्या आधी नर्सबाई शाळेत आल्या. सुट्टीत कर्जतच्या दवाखान्यात कुटुंबनियोजनाचं शिबिर होतं. बायका घाबरतात, शिक्षिकेचं ऐकतील, तुम्ही एकदोघींना तयार करा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बोलणं संपायच्या आत मी आक्काचं नाव दिलं.

पुढचे तीन आठवडे मी तिच्या मागे लागले. मी जे बोलले त्यात एक शब्द खोटा नव्हता. सात बाळंतपणं झाली, शरीर किती सोसणार. पाऊस नाही, खाणारी तोंडं नऊ. मुलगी हुशार आहे, तिला धाकटी सांभाळायला घरी बसवू नका. मी पाठ मांडल्यासारखं मांडत होते. इतकं चांगलं मी वर्गातही कधी शिकवलं नसेल. आणि बोलताना माझ्या मनात एकच होतं, की हे थांबलं पाहिजे. तिच्या घरातलं हे सारखं फुलणं, उगवणं, रांगणं एकदाचं थांबलं पाहिजे.

ती ऐकून घ्यायची. एक दिवस तिने ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं.

"बाई, कागदावरचं नगं. तुमच्या मनात काय हाय त्ये सांगा."

"तुमचं भलं आहे, आक्का," मी म्हणाले.

तिने एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. पर तुमी संगं यायचं."

नवरा यायला तयार नव्हता. तो नाहीही म्हणाला नाही, होही म्हणाला नाही. नर्सबाईंच्या कागदावर अंगठा उठवून रानात निघून गेला. मीच तिच्याबरोबर जीपमध्ये बसले. मांडीवर तिचं सहा महिन्यांचं पोर, तिचा कोट घडी करून माझ्या पिशवीत. आत नेताना तिने माझं मनगट धरलं होतं, ते नर्सने सोडवलं. तिला भीती वाटते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तिला बाहेर आणलं तेव्हा दुपार झाली होती. ओठ कोरडे, रंग उतरलेला. बऱ्याच वेळाने डोळे उघडून तिने मला ओळखलं.

"झालं न्हव?"

"झालं."

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "आता तुमी-आमी सारख्या, बाई."

मी पाणी आणते म्हणून व्हरांड्यात गेले. नळ सोडला आणि रडले. पण त्याच्या आधी, ते वाक्य कानावर पडलं त्या क्षणाला, मला बरं वाटलं होतं. अगदी एक क्षण. आपली झुकलेली नजर कुणीतरी वर उचलून दिल्यासारखं. त्या रडण्याचं मला पुढे फारसं काही वाटलं नाही. त्या एका क्षणाने मात्र माझी पाठ सोडली नाही.

सुट्टी संपल्यावर हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर माझं कौतुक केलं. समाजकार्य, आदर्श, वगैरे. शेवटी म्हणाले, "बाईंना स्वतःचं मूल नसलं म्हणून काय झालं, शाळेतली तीनशे मुलं त्यांचीच आहेत." टाळ्या झाल्या. मी खाली मान घालून उभी होते. लोकांना नम्रता वाटली असेल.

मला वाटलं होतं आक्का आता उतरेल. तिची चाल मंदावेल, कोट खुंटीला लागेल. ती टाके काढून आली आणि आठव्या दिवशी स्टँडवर बिया टोचताना दिसली. उलट अंगाने जरा भरली. पहाटे उलट्या नाहीत, कमरेत कळा नाहीत, म्हणून गाणी म्हणायला लागली. गळा भसाडा होता, पण आवाज आळीभर जायचा. मी भिंतीपलीकडून ऐकायची आणि मला कळायचं नाही की माझं नेमकं काय चुकलं. मी जे थांबवायला गेले होते ते थांबलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. ते बहात्तर साल नगर जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. विहिरीचा तळ दिसला. वेल वाळून कौलांवर दोऱ्यांसारखे पडले. शेळ्या तिने श्रीगोंद्याकडे भावाच्या उसाच्या रानात पाठवल्या. कोंबड्या एकेक करून गेल्या. अंगण इतकं शांत झालं की रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलच्या फ्रीव्हीलचा आवाज मोठा वाटायचा. मी दारात बसून ते उजाड अंगण बघायची. मला आनंद होत नव्हता, एवढं तरी खरं सांगते.

त्र्याहत्तरच्या मेमध्ये आम्हा शिक्षकांना दुष्काळी कामावर सुखडी, म्हणजे मजुरांसाठीचा सरकारी पौष्टिक खाऊ, वाटायला लावलं. गावाच्या पश्चिमेला पाझर तलावाचं काम चालू होतं. तीनचारशे माणसं उन्हात माती ओढत होती. तिथे आक्का होती. मुकादमाने तिला वीस बायकांची टोळी दिली होती, आणि तिने पहिल्या दिवशीच एका कडुलिंबाखाली लुगड्याच्या झोळ्या बांधून सगळ्यांची तान्ही तिथे आणली होती. पाळीपाळीने एक बाई झोळ्यांपाशी, बाकीच्या कामावर. शेजारच्या टोळीतल्या बायकाही मुलं आणून टाकायला लागल्या. मी सुखडीचा डबा घेऊन गेले तेव्हा सतरा झोळ्या मोजल्या. नुकतीच अकरावीची परीक्षा दिलेली तिची मुलगी तिथेच एकीला झोका देत होती.

दुपारच्या सुट्टीत आक्का माझ्याशेजारी सावलीत बसली. तळहात फाटलेले, कोटावर मातीचा थर. ती सुखडी खात होती आणि मी अचानक बोलले. ठरवलं नव्हतं.

"आक्का, कर्जतला मी तुम्हाला तुमच्या भल्यासाठी नाही नेलं."

ती खात राहिली.

"मला तुमचा हेवा वाटायचा. बघवत नव्हतं मला. म्हणून नेलं."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

मला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर तिने हाताने थांबवलं.

"आवो, त्याच टायमाला म्हाईत हुतं. तुमचं डोळं काय झाकत्यात व्हय? शालूवं कोंबडी बसली तवाच दिसलं."

"मग आलात कशाला?"

तिने हात झटकले. "मला जायाचंच हुतं. पाचव्याच्या पासून जायाचं हुतं. ह्ये न्हाई म्हनायचे, सासू हुती तवर ती न्हाई म्हनायची. आईला इचारलं, आई म्हनाली सोस. गावातल्या समद्या मायाळू बाया म्हनायच्या सोस, देवाचं देनं हाय. तुमी येकट्या म्हनला चल. आन् संगं आलात."

"पण मी वाईट मनाने म्हटलं होतं."

"मन तुमचं. पोट माजं." तिने मडक्यातलं पाणी पेल्यात ओतून मला दिलं. "प्या. ऊन लई हाय."

मी प्याले. मला राग आला होता. दीड वर्ष मी ते ओझं वाहिलं होतं. देवापुढे उभी राहू शकत नव्हते, यांना सांगू शकत नव्हते. आणि या बाईने माझा तो अपराधसुद्धा हातात घेऊन, उलटसुलट करून, कधीच कामाला लावून टाकला होता. मला क्षमा हवी होती, निदान चार शिव्या तरी. तिच्याकडे माझ्यासाठी पाणी होतं. मुकादमाची शिट्टी झाली आणि ती कोट झटकत उठून गेली. मी तिथेच बसून राहिले, आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटला.

त्यानंतर आमची जिवाभावाची मैत्री झाली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पाऊस पडायच्या आधीच यांची बदली नगरला झाली आणि मीही शहरातल्या शाळेत अर्ज टाकला. तीन वर्षांचं सामान दोन ट्रंका आणि एका वळकटीत मावलं. मूल मला पुढेही झालं नाही, आणि काही वर्षांनी त्याची बोच आपोआप बोथट झाली. आक्काच्या हेव्याची बोच मात्र बोथट झाली नाही.

निघायच्या दिवशी ती स्टँडवर आली. धाकटा कडेवर, दोन वर्षांचा. त्याने यांचं बोट धरलं आणि यांनी माझ्यासमोर ते धरू दिलं. सामान टपावर चढलं. हे जागा धरायला आत गेले. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा आक्काने माझा पदर धरला.

"बाई, येक इचारू? आजून वाटतो का हेवा?"

तिच्याशी खोटं बोलून उपयोग नाही हे मला तोवर कळलं होतं. "वाटतो," मी म्हणाले.

तिचा चेहरा इतका खुलला की मी पायरीवरच थांबले. मातीने, उन्हाने रापलेला तो चेहरा, आणि त्यावर एखाद्या नव्या नवरीला कुणीतरी सुंदर म्हटल्यासारखं हसू.

"वाटू द्या," ती म्हणाली. "कीव करनारी लई हायती गावात. माजा हेवा करनारं तुमच्याबिगर हाय कोन?"

कंडक्टरने दोरी ओढली. हे आतून म्हणाले, चल लवकर. मी आत जाऊन खिडकीशी बसले. गाडी नगरच्या रस्त्याला लागली तेव्हा यांनी विचारलं, "काय म्हणत होती आक्का?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुमची आठवण काढेन म्हणाली."

ते खूश झाले. मी बाहेर बघत राहिले.